मेमॅन्टिन द्यायची का? आधी आबांचा गोळ्यांचा डबा ओता

पत्र :

माझे सासरे (आम्ही त्यांना आबा म्हणतो) ७४ वर्षांचे आहेत. मार्केट यार्डात त्यांची गुळाची आडत होती. तीन वर्षांपूर्वी विसरायला लागले, डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. दीड वर्ष डोनेपेझिल १० मि.ग्रॅ. चालू आहे, ती रात्री जेवणानंतर देतो. मागच्या महिन्यात गंगावेशीतून दूध घेऊन येताना घरची वाट चुकले. तेव्हा डॉक्टरांनी मेमॅन्टिन जोडली, ५ पासून दर आठवड्याला वाढवत २० पर्यंत न्यायची. माझा मुलगा बारावी सायन्सला आहे. त्याने वाचून सांगितलं, ही गोळी मेंदूतला एनएमडीए रिसेप्टर बंद करते आणि आठवण तर त्याच रिसेप्टरमुळे तयार होते. मग विसरणाऱ्या माणसाला ही गोळी कशाला? दहा दिवस झाले, आणून ठेवलीय, दिलेली नाही. बाकी गोळ्या अशा : रक्तदाबाला मेटोप्रोलॉल ५०, वर्षभरापासून सारखी लघवी लागते म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली ऑक्सिब्युटिनिन, खाज सुटली की मेडिकलमधून आणलेली फेनिरामिन, झोपेसाठी आठ महिने अल्प्राझोलाम ०.५. मधूनमधून खोकल्याचं औषध. आज वार कुठला हे त्यांना सांगता येत नाही, पण गुळाच्या रव्याला (ढेपेला) हात लावला की प्रत बरोबर सांगतात. काय करू कळंना झालंय.
– सून, उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर

उत्तर :

ताई, तुमच्या मुलाने वाचलंय ते बरोबर आहे आणि डॉक्टरांनी दिलेली गोळीही बरोबर आहे. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ते खाली सांगतो. पण तुमच्या यादीतली काळजीची गोळी मेमॅन्टिन नव्हे. वर्षभर बिनबोभाट पोटात जाणारी लघवीची गोळी आणि तिच्या जोडीला खाजेची व झोपेची, या तिघी जास्त त्रासाच्या आहेत. आबांची वाट चुकण्यात त्यांचा वाटा असण्याची शक्यता बरीच आहे.

आधी मुलाचा प्रश्न. दोन चेतापेशींच्या मधे साधारण २० नॅनोमीटरची फट असते. त्या जागेला सिनॅप्स म्हणतात, मराठी पुस्तकांत चेतासंधी. अलीकडची पेशी फटीत ग्लुटामेट सोडते आणि पलीकडच्या पेशीवरचे रिसेप्टर ते पकडतात. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या भिंतीत बसवलेला, ठरावीक रसायन चिकटलं की आकार बदलणारा प्रथिनाचा दरवाजा. ग्लुटामेटसाठी मुख्य दरवाजे दोन. एएमपीए हा साधा भोळा : ग्लुटामेट आलं की उघडतो, सोडियम आत घेतो, काही मिलिसेकंदांत मिटतो. एनएमडीए मात्र अटी घालतो. त्याच्या तोंडात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा अडकलेला असतो. नुसतं ग्लुटामेट येऊन भागत नाही. जोडीला ग्लायसिन किंवा डी-सेरिन लागतं, आणि पेशी आधीच बऱ्यापैकी उत्तेजित झालेली लागते. विश्रांतीत पेशीचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असतो. एएमपीएमधून पुरेसं सोडियम आत आलं की हा फरक कमी होतो, तेव्हा कुठे मॅग्नेशियमचं बूच बाहेर ढकललं जातं.

कोल्हापूरकराला हे समजवायला राधानगरी पुरे. धरणाच्या सात स्वयंचलित दरवाज्यांपैकी सहा नंबरचा उघडला, १४२८ क्युसेक विसर्ग सुरू झाला, ही बातमी दर पावसाळ्यात आपण वाचतो. तिथे कुणी बटण दाबत नाही. पाणी ठरलेल्या पातळीला चढलं की दरवाजा आपोआप उचलला जातो, उतरलं की आपोआप बसतो. एनएमडीए तसाच. फुटकळ पावसाला तो दाद देत नाही, साठा खरोखर चढला तरच उघडतो.

उघडल्यावर आत येतं ते कॅल्शियम, आणि सगळी करामत त्याची. थोड्या वेळात भरपूर कॅल्शियम आलं तर कॅमकायनेज-२ नावाचं विकर (एन्झाइम) जागं होतं आणि त्या सिनॅप्सवर जादा एएमपीए रिसेप्टर बसवले जातात. पुढच्या वेळी तेवढ्याच ग्लुटामेटला मोठा प्रतिसाद मिळतो, म्हणजे वाट रुंद झाली. टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो या संशोधकांनी १९७३ साली सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतली नव्या आठवणी घडवणारी जागा) ही टिकाऊ वाढ दाखवली. उलट, कॅल्शियम थोडं थोडं पण बराच वेळ झिरपत राहिलं तर कॅल्सिन्युरिनसारखी दुसरी विकरं कामाला लागतात, एएमपीए रिसेप्टर काढून घेतले जातात आणि वाट बुजते. शिकणं आणि विसरणं, दोन्हींचा रस्ता या एकाच दरवाज्यातून जातो. रिचर्ड मॉरिस यांच्या गटाने १९८६ मध्ये उंदरांच्या मेंदूत एनएमडीए अडवणारं रसायन सोडलं, तर गढूळ पाण्याखाली लपवलेला चौथरा कुठे आहे हे त्या उंदरांना नीट शिकता येईना. तेव्हा मुलाचा मुद्दा पक्का आहे.

माणसातही याची दुसरी बाजू दिसते. शरीराची प्रतिकारशक्तीच एनएमडीए रिसेप्टरवर उलटते असा एक आजार २००७ मध्ये जोसेप दालमाऊ यांच्या गटाने उलगडला. बहुतेकदा तरुण मुली : आठ-दहा दिवसांत वागणं बदलतं, भास होतात, झटके येतात, तोंड वेडंवाकडं हलत राहतं, बोलणं थांबतं. काहींच्या अंडाशयात गाठ सापडते. आपल्याकडे अशा मुलीला बाहेरचं झालंय म्हणून देवरशाकडे नेण्यात मोलाचे आठवडे जातात. वेळेत निदान होऊन स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन किंवा रक्तातला प्लाझ्मा बदलण्याचे उपचार झाले तर बहुसंख्य मुली सुधारतात. तुमच्या प्रश्नाला हे थोडं सोडून आहे, पण एनएमडीए खरोखर बंद झाला तर काय होतं ते यातून कळतं.

मग मेमॅन्टिन हा गोंधळ का घालत नाही?

अल्झायमरमध्ये दरवाजे गळके होतात. सिनॅप्सभोवतीच्या आधारपेशी वापरून झालेलं ग्लुटामेट एरवी लगेच शोषून घेतात, ते काम मंदावतं. बीटा-अमायलॉइड या प्रथिनाचे छोटे पुंजके सिनॅप्स बिघडवतात. पेशी कायम किंचित उत्तेजित राहते आणि मॅग्नेशियमचं बूच सैल पडतं. पाऊस नसताना दरवाजा बोटभर उघडाच राहिल्यासारखं होतं. याचे तोटे दोन. खरा निरोप येतो तेव्हा तो त्या सततच्या गळतीत उठून दिसत नाही. आणि झिरपणारं कॅल्शियम आधी सिनॅप्स कमजोर करतं, पुढे पेशीलाच मारू शकतं. संशोधक जॉन ओल्नी यांनी अशा मरणाला ‘एक्सायटोटॉक्सिसिटी’ हे नाव दिलं. अर्धांगवायूच्या झटक्यात मेंदूच्या पेशी मरतात त्यातही हिचा मोठा भाग असतो.

मेमॅन्टिन फक्त उघड्या दरवाज्यातच शिरू शकते. बंद रिसेप्टरला ती हात लावत नाही. आत शिरून मॅग्नेशियमच्या जागेजवळ बसते आणि त्याच्यापेक्षा जरा घट्ट बसते, म्हणून बारीक गळती अडते. पण मोठा, खराखुरा निरोप आला आणि पेशीचा विद्युतभार झपकन बदलला की मॅग्नेशियमसारखीच तीही जागा सोडते. भूल देण्याचं केटामाइन याच जागी बसतं, पण एकदा बसलं की लवकर उठत नाही, म्हणून त्याने भूल चढते आणि भास होतात. पुस्तकात दोन्हींवर ‘एनएमडीए अँटॅगोनिस्ट’ हा एकच शिक्का असतो. मुलाची फसगत तिथे झाली. रिसेप्टर अडवणारं औषध किती घट्ट बसतं आणि किती पटकन उठतं, यावर ते औषध ठरेल की विष, हे अवलंबून असतं.

प्रयोगशाळेतलं हे चित्र देखणं आहे. रुग्णात दिसणारा फायदा त्यामानाने माफक असतो, हे आताच सांगितलेलं बरं. गेलेली आठवण परत येत नाही. मध्यम किंवा पुढच्या टप्प्यातल्या रुग्णात अंघोळ, कपडे, जेवण ही कामं थोडा जास्त काळ स्वतःच्या हाताने होतात, काहींची चिडचिड उतरते. याचा अंदाज तीन ते सहा महिन्यांनी घ्यायचा, आठ दिवसांत नाही. आमचं मत विचाराल तर गोळी द्यावी, पण डबा साफ करून आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारी रक्ततपासणी) तपासून.

क्रिएटिनिन का? मेमॅन्टिन मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर पडते. रिपोर्टवर क्रिएटिनिन १.४ दिसलं की घरचे म्हणतात, जरासंच तर जास्त आहे. हिशोब करून बघा : १४० वजा वय, गुणिले वजन किलोत, भागिले क्रिएटिनिनची ७२ पट. आबांचं वजन ५५ धरलं तर ६६ गुणिले ५५ म्हणजे ३६३०, भागिले १००.८, उत्तर ३६, म्हणजे मूत्रपिंडं मिनिटाला साधारण ३६ मिलिलिटर रक्त साफ करतात. पुरुषांसाठी हे असंच, बायकांसाठी त्याला ०.८५ ने गुणायचं. तरुणपणी शंभराच्या आसपास असणारा आकडा इथे ३६ वर आला. तो ३० च्या खाली असेल तर मेमॅन्टिन दिवसाला १० च्या वर नेत नाहीत; ३० ते ५० मध्ये असेल तर १० वर थांबून अंदाज घेऊनच पुढे जाणं शहाणपणाचं. चढवण्याचा क्रम डॉक्टरांनी दिलाय तोच : पहिला आठवडा ५, मग १०, १५, २०. चक्कर, डोकेदुखी, बद्धकोष्ठता किंवा गोंधळ वाढला तर पुढची पायरी चढू नका, त्याच पायरीवर थांबून फोन करा.

मेमॅन्टिनसोबत दोन गोष्टी टाळायच्या, आणि त्या सहसा कुणी सांगत नाही. लघवीची जळजळ म्हणून मिळणारं सायट्रेटचं सिरप आणि ॲसिडिटीसाठी रोज घेतलेला खाण्याचा सोडा लघवी अल्कधर्मी करतात. मग मेमॅन्टिन बाहेर पडणं मंदावतं आणि ती रक्तात साठते. दुसरं, खोकल्याचं औषध. बाटलीवर बारीक अक्षरात डेक्स्ट्रोमेथॉर्फन लिहिलंय का बघा. तेही एनएमडीएच अडवतं, दोन्हींची बेरीज होऊन भ्रम होऊ शकतो. त्याच बाटलीत बहुतेकदा क्लोरफेनिरामिनही असतं, ते आबांसाठी वेगळं वाईट. खोकला दोन आठवड्यांवर टिकला तर सिरप बदलत बसू नका, थुंकी तपासून घ्या.

आता डब्याकडे.

आठवणीच्या कामात ॲसिटिलकोलिन नावाचं आणखी एक रसायन लागतं. हिप्पोकॅम्पसमध्ये ते एम-१ रिसेप्टरवर बसलं की एनएमडीएमधून येणारा प्रवाह वाढतो. दरवाजा उचलायला जादा हात लागल्यासारखा. अल्झायमरमध्ये हे रसायन बनवणाऱ्या पेशीच आधी मरतात. डोनेपेझिल उरलेल्या ॲसिटिलकोलिनला मोडणारं विकर अडवते, म्हणजे आहे ते जास्त वेळ पुरतं.

हेच ॲसिटिलकोलिन मूत्राशयाच्या स्नायूवर एम-३ रिसेप्टरमार्फत काम करतं आणि तो आवळतो. डोनेपेझिलने ते वाढलं की काही रुग्णांना सारखी, घाईची लघवी लागते. तुमच्या तारखा बघा : डोनेपेझिल दीड वर्ष, लघवीची तक्रार एक वर्ष. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तेव्हा डोनेपेझिलची चिठ्ठी दाखवली होती का? बहुधा नाही. त्यांनी ऑक्सिब्युटिनिन दिली. ती ॲसिटिलकोलिनचे रिसेप्टर झाकते, आणि फक्त मूत्राशयातले झाकून थांबत नाही. ती मेंदूत सहज शिरते आणि तिथला एम-१ ही झाकते. एका गोळीने ॲसिटिलकोलिन वाढवायचं आणि दुसरीने त्याची बसायची जागाच अडवायची, असा वर्षभर कारभार चाललाय. औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर नवी गोळी, हा प्रकार जगभर इतका नेहमीचा आहे की त्याला ‘प्रिस्क्रायबिंग कॅस्केड’ असं नावच पडलंय.

रिसेप्टर झाकणं म्हणजे काय हे बघायचं तर धोत्रा आठवा. महादेवाला वाहतो तो. त्याच्या बियांमध्ये ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन असतं, तीही ॲसिटिलकोलिनचे हेच रिसेप्टर झाकतात. धोत्र्याची विषबाधा झालेल्या माणसाचं तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, लघवी अडते आणि तो असंबद्ध बरळायला लागतो. ऑक्सिब्युटिनिन आणि फेनिरामिन ही त्याच घराण्यातली सौम्य भावंडं. तरुणाला एखादी गोळी फारशी कळत नाही, फक्त पेंग येते. ज्याच्या मेंदूत ॲसिटिलकोलिनचा साठाच आटलाय त्याला रोज दोन गोळ्या म्हणजे थोडासा धोत्राच. पोटात कळ आली की दिली जाणारी डायसायक्लोमिन, झोपेसाठी किंवा मज्जातंतूच्या वेदनेसाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलिन, कंपासाठीची ट्रायहेक्सिफेनिडिल, सर्दीची जवळजवळ प्रत्येक गोळी याच रांगेतली. स्ट्रिपच्या पुढच्या बाजूचं मोठं नाव वाचून काही कळत नाही. मागे बारीक छापलेलं घटकाचं नाव वाचा.

लघवीसाठी मग काय? आधी डोनेपेझिल देणाऱ्या डॉक्टरांना तारखांची ही गोष्ट सांगा. लघवीची तपासणी, प्रोस्टेटची सोनोग्राफी आणि लघवी केल्यानंतर मूत्राशयात किती उरते हे बघायला सांगा. प्रोस्टेट वाढलेलं असेल तर ऑक्सिब्युटिनिनने लघवी पूर्ण तुंबू शकते. बद्धकोष्ठ असेल तर तेही मूत्राशयावर दाब देतं. औषध लागलंच तर मिराबेग्रॉन हा पर्याय विचारा. ते बीटा-३ या वेगळ्याच रिसेप्टरवर काम करतं, ॲसिटिलकोलिनच्या वाटेला जात नाही. रक्तदाब मात्र वाढवू शकतं, म्हणून सुरू केल्यावर तो मोजत राहायचा. मेटोप्रोलॉलची रक्तातली पातळीही त्याने वाढते, म्हणजे नाडीवर लक्ष हवंच.

खाजेसाठी फेनिरामिन उद्यापासून बंद केली तरी चालेल. म्हातारपणी खाज बहुतेक वेळा कोरड्या कातडीची असते. कढत पाण्याची अंघोळ थांबवा, साबण फक्त काखा-जांघांना, आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल लावा. गोळीच हवी असेल तर मेंदूत फारशी न शिरणारी फेक्सोफेनाडिन आहे. मूत्रपिंडाच्या आकड्यानुसार तिचा डोस डॉक्टर ठरवतील. घरात आणखी कुणाला खाज असेल तर मात्र खरूज आहे का बघून घ्या.

झोपेच्या गोळीतही तोच साखळीचा संशय आहे. तुम्ही डोनेपेझिल रात्री देता. काहींना तिने भडक स्वप्नं पडतात, झोप मोडते. तीच गोळी सकाळी नाश्त्यानंतर दिली तर हा त्रास पुष्कळदा कमी होतो. अल्प्राझोलाम गाबा-ए या रिसेप्टरवर बसते. गाबा हे मेंदूतलं मुख्य ब्रेक लावणारं रसायन. क्लोराइड आत येतं, पेशी आणखी ऋण होते आणि एनएमडीए उघडण्याची पातळी लांब जाते. म्हणून ही गोळी घेतलेल्या माणसाला रात्रीचं सकाळी आठवत नाही, आणि रात्री लघवीला उठला की तोल जाऊन पडतो. पण फेनिरामिनसारखी ही एकदम थांबवायची नाही. आठ महिन्यांत गाबाचे रिसेप्टर तिच्या सोबतीला सरावलेत. अचानक थांबवली तर झोप पार उडते, गोंधळ वाढतो, प्रसंगी झटके येतात. ०.२५ च्या गोळ्या आणून दोन आठवडे दीड, दोन आठवडे एक, दोन आठवडे अर्धी, मग बंद, असा साधारण क्रम डॉक्टरांशी बोलून ठरवा. मधेच झोप फार बिघडली तर त्या पायरीवर आणखी आठवडाभर थांबा, मागे जाऊ नका. दुपारी चारनंतरचा चहा या काळात बंद ठेवा. चहातलं कॅफिन ॲडेनोसिनचे रिसेप्टर अडवतं, झोपेची गरज मेंदूला ॲडेनोसिनच कळवतं, आणि निम्मं कॅफिन उतरायलाच पाचेक तास लागतात.

सगळे बदल एका दिवशी करायचा मोह होईल, करू नका. एक बदल, मग दोन आठवडे थांबून बघणं. नाहीतर फरक कशाने पडला ते ना तुम्हाला कळेल ना डॉक्टरांना. डोनेपेझिलची वेळ बदलणं आणि फेनिरामिन थांबवणं ही सोपी कामं आधी, मग ऑक्सिब्युटिनिनचा निर्णय, मग मेमॅन्टिन, आणि अल्प्राझोलामची उतरण सगळ्यांत सावकाश. डॉक्टरांनी यातला क्रम बदलला तर त्यांचं ऐका. त्यांच्यासमोर आबा असतील, आमच्यासमोर फक्त पत्र आहे. जाताना चिठ्ठ्या नकोत, सगळ्या गोळ्या-बाटल्या एका पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ओता. सोबत कागद : नाव, किती मि.ग्रॅ., कधी देता, कुणी दिली, कधीपासून. व्हिटॅमिन बी-१२, थायरॉइड आणि सोडियम अलीकडे तपासलं नसेल तर तेही विचारा. यांतलं एखादं बिघडलं तरी विसराळूपणा वाढतो आणि ते दुरुस्त होतं.

एक काम मात्र आजपासूनच करा. डोनेपेझिल आणि मेटोप्रोलॉल दोन्ही हृदयाची गती कमी करतात. रोज सकाळी गोळ्यांआधी आबांना पाच मिनिटं बसवून मनगटावर पूर्ण ६० सेकंद नाडी मोजा, वहीत लिहा. पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी असते, तशा नाडीलाही दोन पातळ्या धरा, फक्त इथे खाली उतरणं वाईट. ६० च्या खाली सतत राहिली तर पुढच्या भेटीत सांगा. ५० च्या खाली गेली, किंवा आकडा काहीही असो पण चक्कर येऊन पडले, तर त्याच दिवशी ईसीजी. महिन्यातून एकदा वजनही करा, डोनेपेझिलने भूक मरते. आणि कुठल्याही कारणाने डोनेपेझिलचा आठवडाभर खंड पडला तर पुन्हा थेट १० देऊ नका. आधी विचारा, बहुधा ५ पासून सुरू करावं लागतं.

गुळाच्या रव्याची गोष्ट वाचून बरं वाटलं, कारण घरात तिचा उपयोग करता येतो. आज वार कुठला, दूध आणलं का, हे हिप्पोकॅम्पसचं खातं, आणि अल्झायमरचा घाव तिथे लवकर पडतो. बोटांनी कणी चाचपून, रंग बघून प्रत ठरवणं हे चाळीस-पन्नास वर्षांच्या सरावाने मेंदूच्या दुसऱ्या भागांत मुरलेलं कसब आहे. अपस्माराच्या उपचारासाठी १९५३ मध्ये हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णाच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढावा लागला. त्यानंतर त्यांना नवी घटना लक्षात राहीना. पण आरशात बघून चांदणीची रेघ गिरवायला दिली तर तीन दिवसांत हात सरावला, आणि आपण हे आधी केलंय हे मात्र त्यांना दर वेळी नवंच. आबांनाही ‘आठवा बघू’ म्हणून पेचात धरण्यापेक्षा हाताला वळण लावा. चष्मा, काठी, चपला यांच्या जागा ठरवा आणि त्या कुणीही हलवायच्या नाहीत, पाहुणे आले तरी. दूध आणायचं बंद करू नका. सोबत कुणीतरी जा, रोज तीच वेळ, तोच रस्ता, तेच वळण. खिशात घरचा पत्ता आणि तुमचा नंबर असू द्या. चुकले तर ‘नाही, तसं नाही’ म्हणत चूक उगाळू नका, बरोबर गोष्ट लगेच हातात द्या. चुकीची वाटसुद्धा पुन्हा पुन्हा चालली की पक्की होते, सिनॅप्सला बरोबर-चूक कळत नाही.

तुमच्या मुलाच्या मनात पुढचे दोन प्रश्न आलेच असतील, त्यांची उत्तरं देऊन टाकतो. मॅग्नेशियम जर दरवाज्याचं बूच, तर मॅग्नेशियमच्या गोळीने स्मरणशक्ती मंदावेल का? नाही, रक्तातलं मॅग्नेशियम वर-खाली झालं तरी मेंदूभोवतीच्या द्रवातलं प्रमाण शरीर फारसं हलू देत नाही. आणि डोनेपेझिल-मेमॅन्टिनने परीक्षेला फायदा होईल का? निरोगी मेंदूत गळती नाही, मग अडवायचं काय? आबांच्या डब्यातली गोळी त्याने चुकूनही घेऊ नये. त्याच्या उपयोगाची गोष्ट वेगळी आहे. सिनॅप्सवरची वाढ तासाभराच्या पुढे टिकवायला पेशीला नवी प्रथिनं बनवावी लागतात आणि ते काम पुढचे कित्येक तास, झोपेतही चालतं. एकच धडा सलग चार तास घोकण्यापेक्षा आज एक तास, परवा पाऊण, आठवड्याने अर्धा, आणि दर वेळी पुस्तक मिटून आठवून लिहिणं, हे जास्त टिकतं.

घरात कुणी आबांना ब्राह्मी सुचवली असेल. बाजारात नीरब्राह्मी आणि मंडूकपर्णी या दोन वेगळ्या वनस्पती याच नावाने विकल्या जातात, त्यामुळे डबीत नेमकं काय आहे हे आधी बघा. नीरब्राह्मीने पोट ढिलं होऊ शकतं आणि डोनेपेझिलनेही होतं. देणार असाल तर तिचं नाव त्या कागदावर लिहा, पिशवीतही टाका.

आणि आबा एका-दोन दिवसांत अचानक बदलले, म्हणजे दिवसा गुंगीत, रात्री ओरडाआरडा, माणसं ओळखेनात, तर ‘आजार वाढला’ म्हणून घरी थांबू नका. अल्झायमर असा दोन दिवसांत उतरत नाही. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, तुंबलेली लघवी, सोडियम घसरणं किंवा कुणीतरी प्रेमाने दिलेली सर्दीची गोळी, यांपैकी काहीतरी असतं. त्याच दिवशी दवाखान्यात न्या, आणि ती पिशवी सोबत घ्या.